माहेरची वाट आणि मोटारींतला टेलिफोन

मॅनहाइम हें शहर ऱ्हाइन व नेकार या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. संगम म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें घाट, देवळें आणि एखादा पिंपळाचा पार उभा राहतो. येथें त्या जागीं गोद्या, याऱ्या आणि कारखान्यांचीं धुराडीं आहेत. शहराचा जुना भाग बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांत आंखलेला असून पत्ता सांगतांना तेथें रस्त्याचें नांव घेत नाहींत. अक्षर आणि अंक सांगतात. त्यांपैकीं 'टी सहा' या चौकोनांत कार्ल बेंझ या यंत्रज्ञाची पहिली कर्मशाळा होती. २९ जानेवारी १८८६ रोजीं त्यानें आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि त्याच वर्षीं ३ जुलै रोजीं ती गाडी मॅनहाइमच्या रस्त्यावर लोकांसमक्ष चालवून दाखविली. मोटारीची जन्मभूमि पाहावयाची असेल तर यावें तें येथेंच.

परंतु बारसें झालें म्हणजे संसार मार्गीं लागला असें नव्हे. गाडी होती, पेटंट होतें. पण विश्वासानें ती विकत घेणारें गिऱ्हाईक नव्हतें. ही कोंडी फोडली ती बेंझच्या पत्नीनें. बेर्टा ही फोर्त्सहाइम गांवची मुलगी. लग्नापूर्वींच आपल्या हुंड्याची रक्कम आगाऊ मागून घेऊन तिनें ती भावी पतीच्या अडचणींत आलेल्या धंद्यांत घातली होती. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, पतीला न विचारतां, पंधरा व तेरा वर्षांच्या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन ती त्या गाडींतून माहेरीं निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. मोटारीनें इतका लांबचा प्रवास तोंपर्यंत जगांत कोणींही केलेला नव्हता. वाटेंत पेट्रोलचे पंप नव्हते, दुरुस्तीचीं दुकानें नव्हतीं. आणि जेथें चढ लागेल तेथें मुलांनीं उतरून गाडी ढकलावयाची, अशी ही सफर होती. तिच्या स्मरणार्थ २००८ सालापासून हा मार्ग 'बेर्टा बेंझ स्मृतिमार्ग' म्हणून ओळखला जातो. जाऊन येऊन तो १९४ किलोमीटर भरतो, आणि ठिकठिकाणीं त्याच्या पाट्या लावलेल्या आहेत.

माझा पुतण्या गेलीं अकरा वर्षें नोकरीनिमित्त मॅनहाइमास सहकुटुंब राहत आहे. मागच्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों असतां ही वाट एकदां डोळ्यांखालून घालावी असें आमचें ठरलें. त्याच्यापाशीं २००३ सालची मर्सिडीज गाडी आहे. नवी असतांना ती फार मोठ्या लोकांच्या दारीं शोभणारी होती. आतां वयानें उतरली असली तरी घराण्याची ऐट तिच्या चालींत कायम आहे. अक्रोडाच्या लांकडाची पट्टी, मऊ कातड्याच्या बैठका, दार लावतांना येणारा तो गंभीर आवाज, हें सर्व जेथल्या तेथें आहे. उणीव एकच: तींत हात न लावतां बोलतां येईल अशी टेलिफोनची सोय नव्हती. पुतण्या सायंकाळीं कामावरून निघाला म्हणजे पुण्यास रात्रीचे नऊ वाजलेले असतात. जेवणें उरकून वहिनी नेमक्या त्याच वेळीं त्याला फोन करावयाच्या. जर्मनींत गाडी चालवितांना फोन नुसता हातांत धरला तरी शंभर युरो दंड होतो आणि सरकारी दप्तरांत एक दोषगुण जमा होतो. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार कायद्यानें हातांत धरलेल्या फोनचा वापर धोकादायक चालविण्यांत गणला आहे. तात्पर्य, आईचा फोन घ्यावा तर कायदा आडवा येतो, न घ्यावा तर पुण्यास काळजी सुरू होते, अशा पेंचांत तो होता.

म्हणून प्रवासाची सुरुवात आम्हीं लाडेनबुर्ग येथील एका लहानशा कर्मशाळेपासून केली. लाडेनबुर्ग हें नेकारच्या कांठचें, रोमन काळापासूनचें टुमदार गांव. बेंझ दांपत्याचें उत्तरायुष्य येथेंच गेलें. कार्ल १९२९ सालीं आणि बेर्टा १९४४ सालीं येथेंच वारलीं. जुन्या गाड्या दुरुस्त करणारा वृद्ध मिस्त्री आपल्या कामाविषयीं मोठ्या आवडीनें बोलणारा निघाला. त्याचा दंडक असा कीं, जुन्या चांगल्या गाडीला नवें भोंक पाडावयाचें नाहीं, आणि उद्यां काढून टाकतां येणार नाहीं असें कांहीं आज बसवावयाचें नाहीं.

त्यानें तीन मार्ग सांगितले. मूळ रेडिओ उपटून त्या जागीं नवा पडद्याचा रेडिओ बसविणें हा पहिला. परंतु त्यानें लांकडी पट्टीची सगळी शोभा जाते. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत खोंचावयाचें स्वस्त यंत्र घेऊन त्याचा आवाज रेडिओच्या लहरींतून ऐकणें हा दुसरा. त्यांत खरखर फार. तिसरा मार्ग गाडीच्या पोटांतच दडलेला होता. दोन बैठकांमधील हात टेंकण्याच्या पेटींत कारखान्यानेंच फोन ठेवण्याचा पाळणा बसविण्याची जागा करून ठेवलेली होती. ज्या फोनांकरितां ते पाळणे केले ते फोन कधींच अडगळींत गेले. पण जागा, तारा, छतांतील सूक्ष्म ध्वनिग्राहक आणि सुकाणूवरील फोन उचलण्याचें बटण हें सर्व शाबूत होतें. त्या जुन्या जागेवर आतां बिनतारी 'ब्लूटूथ' पाळणा बसवावयाचा, एवढेंच काम. कपाट आजोबांचें, आंत वह्या नातवाच्या, असा हा प्रकार.

या गाडींतील आवाज तांब्याच्या तारेंतून जात नाहीं, प्रकाशाच्या धाग्यांतून जातो. रेडिओ, फोनचें यंत्र, तबकड्यांची पेटी हीं सर्व एका वलयांत ओंवलेलीं असून तांबडा प्रकाश एकाकडून दुसऱ्याकडे संदेश पोंचवीत फिरतो. पंक्तींत वाढप्याच्या हातांतलें भांडें एकाकडून दुसऱ्याकडे जावें तसा हा क्रम आहे. मधलाच एक उठून गेला कीं पुढचीं सगळीं पानें कोरडीं. मिस्त्र्यानें एक जोड सोडवून धाग्याचें टोंक तळहातावर धरलें, तेव्हां तेथें तांबडा ठिपका चमकला. आणि त्याच क्षणीं गाडींतलें संगीत समूळ बंद पडलें. माझी धाकटी नात त्यावर टाळ्या पिटूं लागली. यास्तव अशा गाडींत एखादें जुनें यंत्र काढलें तर तेथें वलय पुन्हां जोडून द्यावें लागतें. नाहींतर दोष फोनचा आणि मुका रेडिओ, असा घोटाळा होतो.

'ब्लूटूथ' म्हणजे शब्दशः निळा दांत. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हाराल्ड राजाचें तें टोपणनांव. त्यानें डेन लोकांना एका छत्राखालीं आणलें, म्हणून निरनिराळीं यंत्रें एकत्र आणणाऱ्या या युक्तीस त्याचें नांव मिळालें. तिची खूणही त्याच्या नांवाच्या दोन आद्याक्षरांची, जुन्या रून लिपींतील आहे. स्वीडनमधील लुंड येथें एरिक्सन कंपनींत १९९४ च्या सुमारास या कामास आरंभ झाला, आणि १९९८ सालीं पांच कंपन्यांनीं मिळून त्यासाठीं मंडळ स्थापिलें. फोन व पाळणा यांच्यामधील संदेश एकाच लहरीवर न बसतां ७९ लहरींमध्यें सेकंदाला सोळाशें उड्या मारीत जातो. त्यामुळें शेजारच्या दुसऱ्या यंत्रांचा गोंगाट त्याला फारसा बाधत नाहीं. खरी करामत पुढेंच आहे. पुण्याहून आलेला आवाज गाडीच्या कर्ण्यांतून निघतो आणि छतांतील ध्वनिग्राहकांत पुन्हां शिरतो. तो तसाच परत गेला तर वहिनींना आपलाच शब्द क्षणभरानें ऐकूं येईल. म्हणून आलेला आवाज लक्षांत ठेवून, तो परतणाऱ्या आवाजांतून वजा करण्याचें काम यंत्र सतत करीत असतें.

काम चाललें असतां मिस्त्र्यानें जुन्या दिवसांची गोष्ट सांगितली. जर्मनींत मोटारींतला टेलिफोन १९५८ पासून आहे. पहिल्या व्यवस्थेंत प्रत्येक बोलणें मध्यस्थ बाई हातानें जोडून देई. १९७२ सालीं दुसरी व्यवस्था आली, तींत मध्यस्थ गेली. परंतु मोटारींतल्या माणसास फोन करावयाचा तर तो त्या घटकेस देशाच्या कोणत्या भागांत आहे हें फोन करणारास ठाऊक असावें लागे, कारण त्या भागाचा आंकडा आधीं फिरवावयाचा असे. १९८५ च्या तिसऱ्या व्यवस्थेनें ती अडचण दूर केली. माणूस कोठेंही असो, आंकडा एकच. ती व्यवस्थाही २००० सालाच्या अखेरीस बंद झाली. "त्या काळीं," मिस्त्री म्हणाला, "यजमान आज कोठल्या रस्त्यावर आहेत हें बायकोला पाठ असे." आम्ही हंसलों, पण या वाक्याचें वजन पुढें वीस-पंचवीस मैलांवर कळावयाचें होतें.

दुपारीं आम्ही निघालों. डाव्या हाताला द्राक्षमळ्यांनीं हिरव्यागार झालेल्या टेंकड्या, उजवीकडे ऱ्हाइनचें सपाट खोरें, आणि मध्यें एकामागून एक सुबक गांवें. हायडेलबर्ग येथें नेकार डोंगरांतून बाहेर पडते. तांबड्या दगडाचा भग्न किल्ला, १७८८ सालीं बांधून पुरा झालेला जुना पूल आणि १३८६ पासून चालत आलेलें विद्यापीठ, यांचा तो संगम पाहून कोणाचेंही पाऊल अडखळावें. आम्हीं पुलावर घटकाभर घालविली आणि वीसलॉखची वाट धरली.

इतक्यांत फोन वाजला. पुतण्यानें सुकाणूवरचें बटण दाबलें मात्र, वहिनींचा आवाज गाडीभर घुमला. जणूं त्या मागच्या बैठकीवर येऊन बसल्या आहेत! खरखर नाहीं, प्रतिध्वनि नाहीं. मिस्त्र्याच्या हाताला मनोमन दाद दिली. विषय मात्र साधा नव्हता. आमच्या सदाशिव पेठेंतील वाड्याच्या जागीं नवी इमारत बांधण्याचें घाटत आहे, आणि बांधणाऱ्याचे कागद त्या दिवशीं सहीसाठीं आले होते. कोणास किती चौरस फूट, देवघराची जागा कोठें, धाकट्या काकूंना तळमजला मिळेल कीं नाहीं, असे प्रश्न एकामागून एक निघूं लागले. पुतण्याचे दोन्ही हात सुकाणूवर होते, नजर समोर होती, वेगही मर्यादेंत होता. कायद्यानें बोट ठेवावें असें त्यांत कांहींच नव्हतें. तरी स्मृतिमार्गाची पाटी आली आणि गेली, गाडी सरळच राहिली. पुढच्या चौकांत रस्ता ओलांडण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक वृद्ध बाई सायकल हातानें ढकलीत उतरली. "अरे, थांब!" मी ओरडलों. गाडी थांबली, त्या बाईंत आणि गाडींत चार हातांचें अंतर राहिलें असेल. बाईनें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि ती निघून गेली. पुतण्याच्या कपाळावर घाम आला होता. तो म्हणाला, "काका, मी समोरच बघत होतों हो. पण ती मला दिसलीच नाहीं."

तो खोटें बोलत नव्हता. या विषयाचा अभ्यास शास्त्रज्ञांनीं केलेला आहे. टोरंटो येथील दोघां संशोधकांनीं १९९७ सालीं ६९९ चालकांच्या अपघातांची त्यांच्या टेलिफोनच्या नोंदींशीं तुलना केली, तेव्हां फोनवर बोलतांना अपघाताचा धोका सुमारें चौपट होतो असें आढळलें. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनानें तो धोका कमी होतो असें दिसलें नाहीं. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत २००३ सालीं झालेल्या प्रयोगांत चालकांच्या बुबुळांची हालचाल टिपली गेली. हात न लावतां फोनवर बोलणाऱ्यांची दृष्टि रस्त्यावरील वस्तूंवर पडत होती, परंतु पुढें विचारतां त्या वस्तु त्यांना आठवत नव्हत्या. डोळे पाहतात, पण पाहिलेलें घेणारा घरांत नसतो. त्याच विद्यापीठांतील २००८ च्या प्रयोगांत शेजारीं बसलेल्या माणसाशीं बोलणारे चालक ठरल्या ठिकाणीं बरोबर वळले, फोनवर बोलणारांपैकीं पुष्कळांचें वळण चुकलें. कारण उघड आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. गर्दी आली कीं तो आपोआप गप्प बसतो, प्रसंगीं सावधही करतो. पुण्याच्या माणसाला पांढरे पट्टे दिसत नाहींत, सायकलवाली बाईही दिसत नाहीं.

यंत्र जितकें निर्दोष तितकें मन अधिक दूर जातें, ही यांतली मेख आहे. खरखरणारा फोन निदान आपण गाडींत आहों याची आठवण देत असतो. तो आवाज स्वच्छ झाला, आणि पुतण्या वीसलॉखच्या रस्त्यावरून थेट सदाशिव पेठेंतील देवघराच्या जागेवर जाऊन बसला.

वीसलॉखच्या बाजारपेठेंत गाडी उभी करून आम्ही उतरलों. येथील औषधाच्या दुकानांतून बेर्टानें लिग्रोइन नांवाचें, कपड्यांचे डाग काढण्यास वापरलें जाणारें द्रव्य विकत घेतलें, कारण तिच्या गाडीला तेंच इंधन लागे. त्यामुळें जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून त्या दुकानाचा लौकिक झाला आहे. दारापुढें त्या प्रसंगाचें स्मारक आहे. या बाईच्या प्रसंगावधानाच्या कथा ऐकून नवल वाटतें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. विजेची तार उघडी पडली तेथें पायमोज्याचा बंद गुंडाळला. उतारावर लांकडी ब्रेक झिजले तेव्हां बाउश्लॉट गांवच्या चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. चढाला गाडी कमी पडते हें तिनें परत आल्यावर पतीस सांगितलें, आणि पुढच्या गाड्यांत चढासाठीं आणखी एक गिअर आला. कर्मशाळेंत यंत्र तयार होतें खरें; पण त्याला काय कमी आहे तें रस्ताच सांगतो.

आम्हांसही तो रस्त्यानेंच सांगितला. स्मारकापाशींच्या बांकावर बसून पुतण्यानें आईस फोन केला आणि घडलेला प्रकार तिच्यापासून लपविला नाहीं. पलीकडे बराच वेळ शब्द उमटला नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, "अरे, तूं गाडी चालवतो आहेस हें मला कसें रे कळावें? तुझा आवाज तर माजघरांतून यावा तसा येत होता. आधीं सांगितलें असतेंस तर मी वाड्याचा विषय काढला असता का?"

मला मिस्त्र्याचें बोलणें आठवलें. आपला माणूस कोठें आहे हें ठाऊक असल्याशिवाय पूर्वीं त्याला हांकच मारतां येत नसे. ती अडचण होती. पण त्या अडचणीबरोबर एक जाणीवही होती, कीं तो वाटेवर आहे, त्याला आतां छेडूं नये. अडचण गेली, तिच्याबरोबर जाणीवही गेली. ती आतां आपण होऊन ठेवली पाहिजे. कोणतेंही यंत्र ती बसवून देणार नाहीं.

त्याच बांकावर मायलेकांचा नियम ठरला. पाळणा काढावयाचा नाहीं. तो उत्तम आहे आणि संकटसमयीं लागेलही. परंतु चालत्या गाडींत फोन आला तर बटण दाबून एवढेंच म्हणावयाचें: "गाडींत आहें, पोंचल्यावर करतों." आणि वहिनींनीं त्यावर "बरें" याखेरीज शब्द काढावयाचा नाहीं. हवापाणी, जेवणखाण, वाडा, देवघर, सर्व मागाहून. सून हंसून म्हणाली, "नियम आईंना जमेल. प्रश्न ह्यांचाच आहे."

पुढें ब्रुखझालचा राजवाडा लागला. १ मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यांत तो भस्म झाला होता. आज दिसतो तो पुढें पुन्हां उभारलेला. सायंकाळीं फोर्त्सहाइम आलें. एन्झ, नागोल्ड आणि व्यूर्म या तीन नद्या येथें मिळतात. १७६७ पासून हें सोन्याच्या दागिन्यांचें आणि घड्याळांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि दागिन्यांचें येथील संग्रहालय बायकामंडळींनीं मुद्दाम पाहावें असें आहे. परंतु २३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं अवघ्या कांहीं मिनिटांत या गांवांतील सतरा हजारांहून अधिक माणसें मरण पावलीं. गांवाबाहेर त्या ढिगाऱ्यांची एक टेंकडीच झाली आहे. बेर्टाच्या माहेरचें जुनें गांव त्या ढिगाऱ्यांत गेलें. तिनें मात्र तें पाहिलें नाहीं; ९५ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनीं, १९४४ च्या मे महिन्यांत, तिनें डोळे मिटले होते.

१८८८ च्या त्या संध्याकाळीं मातींनें भरलेल्या मुलांसह ती येथें उतरली, आणि तिनें पतीला तार केली, कीं आम्ही पोंचलों. दिवसभर तो मॅनहाइमास आणि ती रस्त्यावर. मध्यें एक अक्षर नाहीं. आपल्या घरांतही याहून निराळें काय होतें? कोणी परगांवीं निघाला कीं "पोंचल्याची तार कर हो" हे शब्द उंबऱ्यापर्यंत त्याच्यामागून येत. तार येईपर्यंत जीव टांगणीस लागे हें खरें. पण तोंपर्यंत वाटसरूचे डोळे, कान आणि मन सर्वस्वीं वाटेचें असे. २०१३ च्या जुलै महिन्यांत आपल्या देशांतील तारखातें बंद झालें. चाल मात्र बंद होण्याचें कारण नाहीं.

पुतण्यानें नदीकांठीं गाडी उभी केली, किल्ली काढली, आणि मग फोन लावला. पुण्यास रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पण पहिल्याच घंटेला तो उचलला गेला. "आई, पोंचलों," तो म्हणाला.

"बरें झालें," वहिनी म्हणाल्या. "आतां स्वस्थ बस, आणि मला सांग, सही कोठें करायची?"